सेलचा ढीग राहू द्या

नाइकीचा डंक हा बूट १९८५ साली अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलसाठी निघाला. कोर्टावरची त्याची सद्दी चार-दोन वर्षांतच संपली. आज तो घालून बास्केटबॉल खेळणारा माणूस शोधून सापडायचा नाही. पण मुंबईच्या लोकलमध्ये, पुण्याच्या एफसी रोडवर, कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या कँटीनमध्ये त्याची काळी-पांढरी जोडी, खरी असो की फर्स्ट कॉपी, दिसल्याशिवाय राहत नाही. मधल्या काळात हा बूट अमेरिकेतल्या स्केटबोर्डवाल्या पोरांच्या पायांतून गेला. ती पोरं नसती तर त्याची आठवण आज फक्त जुने बूट जमवणाऱ्यांना असती.

या प्रवासाच्या दोन कहाण्या सांगितल्या जातात. पहिली कंपनीला आवडते: द्रष्टे डिझायनर, धाडसी निर्णय, जगभर बोलबाला. दुसरी जुन्या स्केटरांना आवडते: आम्ही गुडघे फोडून एक संस्कृती उभी केली आणि गडगंज कंपनी आयत्या बिळावर नागोबा होऊन बसली. दोन्ही कहाण्यांतून एक पात्र गाळलं जातं, आणि माझ्या मते खरं काम त्यानंच केलं. ते म्हणजे दुकानाच्या कोपऱ्यात पडलेला, न खपलेल्या मालाचा ढीग. डंक काय आणि त्याच वर्षी आलेला एअर जॉर्डन १ काय, दोघेही स्केटरांपर्यंत पोहोचले ते उतरलेल्या किमतीमुळे. आज बूट विकण्याची जी तऱ्हा रूढ झाली आहे, तिचा सगळा रोख असा ढीग तयारच होऊ नये याकडे आहे. तो ढीग राहायला हवा, आणि त्यात कायद्यानंही थोडं लक्ष घालायला हवं, असं माझं म्हणणं आहे.

आधी १९८५ बघू. एरोबिक्सच्या लाटेवर रीबॉक झपाट्यानं वर येत होती आणि नाइकीचे दिवस बरे नव्हते. पीटर मूर या डिझायनरनं मायकल जॉर्डनसाठी एअर जॉर्डन १ काढला आणि त्याच ठेवणीतला, थोडा साधा असा डंक कॉलेजच्या संघांसाठी. डंकमध्ये एअरची उशी नव्हती, तंत्राच्या दृष्टीनं त्यात नवं असं फारसं काही नव्हतं. नवा होता तो रंग. तोवर बास्केटबॉलचा बूट म्हणजे बहुधा पांढरं कातडं आणि त्यावर एखादी रंगीत पट्टी. डंकनं अख्खा बूटच संघाच्या दोन रंगांत रंगवून टाकला. सिरॅक्यूजचा नारिंगी, केंटकीचा निळा, मिशिगनचा निळा-पिवळा, आयोवाचा काळा-पिवळा. आपल्या कॉलेजशी इमान राखा, अशा अर्थाची जाहिरात होती. म्हणजे बूट नव्हे, पायात घालायचा झेंडाच तो.

इथं जरा थांबून एक गोष्ट नोंदवायला हवी. सनी वाकारो या गृहस्थांमार्फत नाइकीनं सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून कॉलेजच्या प्रशिक्षकांशी करार केले होते. प्रशिक्षकाला पैसे, संघाला फुकट बूट. ज्यांच्या पायांकडे बघून लोक बूट विकत घेत त्या खेळाडूंना मात्र शिष्यवृत्तीपलीकडे दमडी नाही, कारण ते हौशी खेळाडू. स्वतःच्या नावावर चार पैसे कमावण्याची मुभा त्यांना मिळाली ती थेट जुलै २०२१ मध्ये. बुटाला मोल आणून देणारा एक आणि ते खिशात घालणारा दुसरा, ही रीत डंकच्या जन्मापासूनची आहे. स्केटरांपाशी ती सुरू झाली नाही.

पुढच्या दोन-तीन वर्षांत बास्केटबॉलचे बूट झपाट्यानं बदलले. १९८८ च्या जॉर्डन ३ मध्ये टाचेतली हवेची पिशवी बाहेरून दिसायला लागली. असला बूट दुकानात आल्यावर सपाट तळाचा, उशी नसलेला डंक कोण घेणार? जॉर्डन १ ची गत वेगळी नव्हती. पहिल्या वर्षीच्या तुफान विक्रीनंतर कंपनीनं माल इतका ओतला की तोच बूट निम्म्याहून कमी किमतीला फळीवर पडून राहिला. आज लाखांत बोली लागणाऱ्या त्या मूळ जोड्या तेव्हा दुकानदाराला डोईजड झाल्या होत्या.

स्केटरांना त्यात काय दिसलं? हे समजायला ऑली नावाची उडी समजून घ्यावी लागते. फ्लोरिडातल्या ॲलन गेलफंडनं ती सत्तरच्या दशकाच्या अखेरीस उताराच्या भिंतींवर काढली, आणि पुढे रॉडनी मलननं सपाट जमिनीवर आणली. मागच्या पायानं बोर्डाची शेपटी जमिनीवर आपटायची आणि त्याच क्षणी पुढच्या पायाची कड बोर्डावरून घासत वर न्यायची, म्हणजे बोर्ड पायाला चिकटल्यासारखा हवेत येतो. बोर्डावर ग्रिपटेप असते, ती म्हणजे चक्क सँडपेपर. दिवसाला शंभर वेळा बुटाची कड सँडपेपरवर घासली तर काय होईल ते सांगायला नको. वांद्र्याच्या कार्टर रोडवरच्या स्केटपार्कमध्ये संध्याकाळी सराव करणाऱ्या पोरांच्या पायांकडे बघा. पुढच्या पायाच्या बुटाला करंगळीच्या बाजूला हमखास भोक. त्यावर गोंदाचा थर, थरावर आणखी थर, लेसचा तुकडा तुटून गाठ मारलेली. दुसऱ्या पायातला बूट त्या मानानं धडधाकट. जोडी एकाच दिवशी घेतलेली, पण एक बूट दुसऱ्यापेक्षा वर्षभरानं म्हातारा दिसतो.

कॅलिफोर्नियातल्या स्केटरांचा जुना सोबती म्हणजे १९६६ पासूनचे व्हॅन्स. पकड उत्तम, पण कापड लवकर जाई. बास्केटबॉलचा बूट जाड कातड्याचा. घोट्याला उंच कॉलर, त्यामुळे उलटून आलेला बोर्ड थेट हाडावर बसत नाही. तळवा सपाट, आणि पंज्याखाली गोलाकार रेघा, ज्या खेळाडूला जागच्या जागी गिरकी घेता यावी म्हणून दिलेल्या. त्याच रेघा बोर्डावर पकड देत. आणि सर्वांत मोठा गुण म्हणजे किंमत. महिन्या-दोन महिन्यांत फाडूनच टाकायचा असलेला बूट कुणी पूर्ण किमतीला घेत नाही. १९८७ च्या एका गाजलेल्या स्केटबोर्डिंग व्हिडिओत लान्स माउंटन या स्केटरच्या पायात जॉर्डन १ दिसतो. बास्केटबॉलमध्ये शिळा झालेला तो बूट तिथून गल्लीबोळांतल्या पोरांच्या डोळ्यांत भरला.

या टप्प्यावर कंपनी चित्रात कुठंच नाही. संशोधन नाही, सर्वेक्षण नाही, स्केटबोर्डचं बाजारतंत्र नाही. कंपनीची चूक होती, जास्तीचा माल काढण्याची. आणि त्या चुकीचा उपयोग दुसऱ्या कुणीतरी करून घेतला. आपल्याकडे हे कळायला अवघड जाऊ नये. मुंबईतल्या दोन-तीन पिढ्यांनी फॅशन शिकली ती फॅशन स्ट्रीटवरच्या एक्स्पोर्ट सरप्लसच्या ढिगातून. परदेशी दुकानांसाठी शिवलेले, एखादी शिवण वाकडी गेली म्हणून किंवा ऑर्डर रद्द झाली म्हणून उरलेले शर्ट, कापलेलं लेबल, घासाघीस करून ठरलेला भाव. शोरूममध्ये पाऊल टाकायची छाती नसलेल्या पोरांनी तिथं स्वतःची आवड घडवली. ढीग नसता तर ती आवड कुठून येणार होती?

नव्वदच्या दशकात स्केटरांचे स्वतःचे ब्रँड पुढे आले, एटनीज, डीसी वगैरे, आणि बूट गादीसारखे फुगत गेले. नाइकी त्या बाजाराभोवती घिरट्या घालत राहिली. गोल्फवाल्यांना, टेनिसवाल्यांना पोलिसांनी स्केटरांसारखं हुसकावलं तर कसं वाटेल, अशा तिच्या जाहिराती तेव्हा फार गाजल्या. बूट मात्र खपले नाहीत. स्केटरांनी जाहिरातीला टाळ्या दिल्या आणि खरेदी दुसरीकडे केली. कन्सॉलिडेटेड या छोट्या स्केटबोर्ड कंपनीनं तर नाइकीचं घोषवाक्य उलटं फिरवून ‘डोन्ट डू इट’ अशी मोहीमच चालवली.

२००२ मध्ये सँडी बोडेकर यांनी नाइकी एसबी हा स्केटबोर्डिंगचा विभाग उभा केला. त्यांचं शहाणपण हे की त्यांनी नवा बूट काढण्याचा हट्ट धरला नाही. स्केटर आधीपासून जो घालत होते तोच डंक घेतला, जिभेत जाड स्पंज घातला, आत झूम एअरची उशी दिली आणि पहिल्या जोड्यांचे रंग रीस फोर्ब्स, जीनो आयनुची, डॅनी सुपा आणि रिचर्ड मल्डर या चार स्केटरांच्या पसंतीनं ठरवले. माल मॉलमध्ये नाही, फक्त स्केटबोर्डच्या स्वतंत्र दुकानांत. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सुप्रीम या दुकानासोबत एक डंक निघाला, त्यावर जॉर्डन ३ वरची हत्तीच्या कातडीसारखी भेगाळलेली नक्षी. आणि तिथून रस्त्यावरच्या फॅशनचं दार उघडलं.

हे आयतं बीळ होतं का? होतं, अर्धं. पण मला स्केटरांची तक्रार पूर्णपणे पटत नाही. ज्या दुकानांचं भाडं थकायचं त्यांना या डंकनं जगवलं. पॉल रॉड्रिग्जसारख्या स्केटरला स्वतःच्या नावाचे बूट मिळाले, तेही एकदा नव्हे, अनेकदा. टोकियो ऑलिंपिकमध्ये स्केटबोर्डिंग आलं तेव्हा ज्यांचा व्यवसाय या खेळावर उभा राहू शकला अशी एक पिढी तयार होती. १९८५ च्या कॉलेज खेळाडूंपेक्षा हा सौदा कितीतरी बरा. संस्कृती पळवली असं म्हणणाऱ्यांनी हेही सांगावं की त्या संस्कृतीतल्या किती जणांना करार नको होता.

माझा आक्षेप पुढच्या टप्प्याला आहे. स्वतंत्र दुकानं लहान होती, म्हणून सुरुवातीला जोड्या थोड्या होत्या. थोडेपणा ही आधी गरज होती. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की थोडेपणाच विकता येतो. २२ फेब्रुवारी २००५ रोजी न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड स्ट्रीटवर, जेफ स्टेपल यांच्या रीड स्पेस या दुकानासमोर, टाचेवर कबुतर भरलेल्या करड्या डंकसाठी कडाक्याच्या थंडीत लोक मुक्काम ठोकून बसले. जोड्या सगळ्या शहरात मिळून दीडशेच्या आसपास. गर्दी इतकी तापली की पोलीस आले, बूट मिळालेल्यांना सांभाळून टॅक्सीत बसवावं लागलं, आणि दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क पोस्टच्या पहिल्या पानावर बूट. ज्यांनी कधी स्केटबोर्डला हात लावला नव्हता त्यांना त्या दिवशी कळलं की बुटाच्या खोक्यात नफा असतो.

त्यानंतरचं सगळं ओळीनं येतं. २०१५ मध्ये नाइकीचं बूट विकणारं एसएनकेआरएस ॲप आलं. रांगेच्या जागी सोडत आली आणि सोडतीत माणसांशी स्पर्धा करणारे बॉट, म्हणजे आपोआप नोंदणी करणारे प्रोग्राम, आले. २०१६ मध्ये फेरविक्रीचा ऑनलाइन बाजार भरवणारी डेट्रॉइटची स्टॉकएक्स आली, तिथं शेअरसारखे बुटांचे चढ-उतार दिसतात. मधे डंकची चलती ओसरलीही होती; पातळ तळाच्या जानोस्की या नाइकीच्याच बुटानं स्केटरांना भुरळ घातली आणि काही वर्षं डंक पुन्हा सेलमध्ये दिसायला लागला. मग २०१९-२० मध्ये डिझायनर व्हर्जिल ॲब्लो आणि रॅपर ट्रॅव्हिस स्कॉट यांच्यासोबतचे डंक, अगदी बेन अँड जेरीज आइस्क्रीमसोबतचा गाईच्या ठिपक्यांचा डंक. शिळ्या कढीला असा ऊत क्वचितच आला असेल. २०२१ मध्ये नाइकीच्या उत्तर अमेरिकेच्या प्रमुख अधिकाऱ्याला राजीनामा द्यावा लागला, कारण त्यांचा मुलगा बुटांच्या फेरविक्रीचा जोरदार धंदा करतो हे एका मासिकानं छापलं. पुढच्याच वर्षी नाइकीनं स्टॉकएक्सला कोर्टात खेचलं. मला या वादात दोन्ही बाजूंची कीव येत नाही. फेरविक्रीच्या चढ्या भावानंच बुटाला झळाळी येते हे कंपनीला ठाऊक होतं. तिला फक्त तो व्यवहार आपल्या हाताबाहेर गेलेला नको होता.

२०२१ चाच पांडा डंक, काळा-पांढरा, शंभर डॉलरचा. तो आला, संपला, पुन्हा आला, आणि मग येतच राहिला. दोन वर्षांत फेरविक्रीचा भाव मूळ किमतीपाशी येऊन टेकला. बुटांच्या शौकिनांनी नाकं मुरडली: हा तर आता सगळ्यांच्याच पायात. ही तक्रार मी कधीच गंभीरपणे घेऊ शकलो नाही. बूट सगळ्यांच्या पायात असणं हा बुटाचा दोष कसा? आपल्याकडच्या मुलांनी तर तो सगळ्यांच्या आधी लोकांचा करून टाकला, पंधराशे-दोन हजारांच्या फर्स्ट कॉपीनं. नक्कल ही कायद्यानं चुकीचीच, तिचं समर्थन मी करत नाही. आणि तिच्यामागे कारखान्यातले जे कामगार असतात त्यांची कुणी चौकशीही करत नाही. पण नकलेचा बाजार फुगतो तो अस्सल माल मुद्दाम दुर्मीळ ठेवला जातो तेव्हा, एवढं तरी कबूल करायला हवं.

२०२४ मध्ये नाइकीनं जाहीर केलं की डंक, एअर फोर्स १ आणि जॉर्डन १ या जुन्या भिडूंचा पुरवठा कमी करणार. विक्री घसरली होती, ऑक्टोबरमध्ये मुख्य अधिकारी बदलले. व्यवस्थापनाच्या भाषेत हे शहाणपण आहे: माल आटवायचा, भूक वाढवायची. पण १९८७ साली कुणी असाच माल आटवला असता तर काय झालं असतं? लान्स माउंटनच्या पायात जॉर्डन १ नसता. पुढे डंक एसबी नसता. जी प्रतिष्ठा जपण्यासाठी आज पुरवठा कापला जातो, ती प्रतिष्ठा पुरवठा न कापल्यामुळे मिळाली.

यावर उत्तर ठरलेलं आहे. बूट कंपनीचा, किती काढायचे ते कंपनी ठरवेल, तुम्हाला काय करायचं आहे? मला हे उत्तर पुरतं वाटलं असतं, जर कंपनी स्वतः लोकांच्या ओळखीवर हक्क सांगत नसती. डंकच्या आकारावर नाइकीचा ट्रेडमार्क आहे. नाव किंवा शिक्का नव्हे, बुटाच्या शिवणी आणि ठेवण. २०२३ मध्ये जपानच्या बेप या ब्रँडला तिनं अशाच आकारांच्या नकलेवरून कोर्टात नेलं आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली. अमेरिकन कायद्यात वस्तूच्या नुसत्या आकाराला असं संरक्षण मिळण्याची एक मुख्य अट अशी: आकार बघताच लोकांना त्यामागचा उत्पादक आठवायला हवा. ती आठवण कुणी तयार केली? जाहिरातींनी थोडी केली असेल. बाकीची सेलमधून बूट उचलून रस्त्यावर फाडणाऱ्यांनी केली. लोकांनी दिलेल्या ओळखीचं कायदेशीर भाडं खायचं असेल, तर लोकांचंही काही देणं लागतं.

ते देणं काय असावं? कंपन्यांनी अमुक इतके बूट काढलेच पाहिजेत, असा कायदा करणं हा वेडेपणा ठरेल. पण निघालेला माल लोकांपर्यंत पोहोचूच नये म्हणून तो नष्ट करणं, हे थांबवता येतं. भाव पडू नयेत म्हणून न खपलेले कपडे आणि बूट कापून, जाळून टाकण्याची चाल या धंद्यात जुनी आहे. फ्रान्सनं २०२० च्या कायद्यानं ती बंद करायला घेतली. युरोपीय संघाच्या २०२४ च्या नियमांनी न खपलेले कपडे आणि पादत्राणं नष्ट करायला मनाई केली. मोठ्या कंपन्यांसाठी ती १९ जुलै २०२६ पासूनची आहे. तिथं या नियमाचं समर्थन पर्यावरणाच्या नावानं होतं, आणि ते रास्तच आहे. एक जोडी तयार करायला लागणारं कातडं, रबर, रसायनं आणि मजुरी कचऱ्यात घालणं पाप आहे. मला त्यात दुसरा फायदाही दिसतो. नष्ट करता येत नाही म्हटल्यावर माल कुठंतरी जाणार. आउटलेटमध्ये, जुन्या बाजारात, दान म्हणून एखाद्या शाळेत. ज्या हातांसाठी तो काढलाच नव्हता, त्या हातांत.

आपल्याकडे पादत्राणांवर बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) गुणवत्तेच्या शिक्क्याची सक्ती झाली, त्यावरून आयातदारांची बरीच ओरडही झाली. न खपलेल्या जोडीचं पुढे काय करायचं, याबद्दल तसा नियम नाही. भारत हा जगातल्या सर्वांत मोठ्या पादत्राणं बनवणाऱ्या देशांपैकी एक; परदेशी ब्रँडचे बूट इथं तमिळनाडूत शिवले जातात. नियम करायचा तर इथं त्याला वजन आहे. किमान मोठ्या ब्रँडांनी वर्षाला किती जोड्या न विकता निकालात काढल्या आणि कशा, हे जाहीर करावं, एवढी सक्ती तरी लगेच करता येईल. त्याला पैसा लागत नाही.

स्केटबोर्डच्या दुकानांचा प्रश्न मात्र कायद्यानं सुटणार नाही, तो कंपनीनंच सोडवायचा आहे. एसबीचा माल ज्या छोट्या दुकानांमुळे उभा राहिला, त्यांना सोडत न लावता, ठरावीक दरानं, खरोखर स्केट करणाऱ्यांसाठी थोड्या जोड्या बाजूला ठेवता येतील. काही दुकानदार आजही विशेष जोडी देण्याआधी गिऱ्हाइकाला दारात एखादी ऑली मारून दाखवायला सांगतात. फेरविक्रेते त्याला अन्याय म्हणतात. ज्याला ती उडी येते त्याचा बूट दोन महिन्यांत फाटणार आणि तो पुन्हा दुकानात येणार. दुकान चालतं ते अशा गिऱ्हाइकावर.